बाबा, तुझा आवाज कुठे गेला?

काल लालबागला भाचीच्या बर्थडेला जिजूंनी फुग्यातला हेलियम ओढला आणि "चला, केक कापूया" म्हणाले ते एकदम उंदरासारख्या आवाजात, अख्खी खोली हसून लोळली.

भाची नाही हसली. तिने त्यांच्या गळ्याला हात लावून बघितला, "बाबा, तुझा आवाज कुठे गेला?" मग फुग्याच्या तोंडाशी डोळा लावून आत शोधायला लागली.

आता पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार की आवाज गळ्यातच आहे, स्वरतंतू जवळपास तसेच थरथरतायत, फक्त हवेत सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास पळणारा आवाज हेलियममध्ये हजारेक मीटर पळतो आणि घशा-तोंडातला घुमारा बदलतो. सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू हवेच्या पाचपट जड, त्यात उलटं होतं, आवाज एकदम खर्जात. (घरी ट्राय करू नका रे, फुफ्फुसात ऑक्सिजनच उरत नाही, आणि सिलिंडरला थेट तोंड तर अजिबात नको.)

तेवढ्यात जिजूंना साहेबांचा फोन. "हो सर... नाही सर... लगेच सर."

भाचीने परत गळ्याला हात लावला.