आईची विणकामाची मासिकं

‘आईची विणकाम-भरतकामाची मासिकं दिवाणातून निघालीत. रद्दीत टाकवत नाही. कुणाला देऊ, ताई?’ तुमच्यापैकी बऱ्याच जणी हे विचारता, म्हणून लिहिते.

अख्खा गठ्ठा एका ठिकाणी देऊ नका. मी तेच केलं होतं. माझ्या आईच्या अंकांच्या दोन पिशव्या एका शिवणवर्गाला दिल्या. वर्षभराने गेले तर जिन्याखाली तशाच पडलेल्या, गाठही सोडलेली नव्हती. निम्म्या अंकांना कसर लागली होती. फार वाईट वाटलं. उरलेले घरी आणले, उन्हं दाखवली आणि एकेक अंक उघडून बसले.

तेव्हापासून आधी विणणारी शोधते, मग अंक देते. बाळंतविड्याचा अंक आमच्या सोसायटीतल्या एका होणाऱ्या आजीला दिला. टोपडं आणि मोजे झालेसुद्धा! तुळशीबागेत लोकर घ्यायला जाते तेव्हा पिशवीत एक-दोन अंक असतातच. दुकानात शेजारी उभी असलेली बाई कुठला दोरा, कुठली सुई मागतेय, त्यावरून तिच्या उपयोगाचं काय ते कळतं.

देताना अंकात एक चिठ्ठी ठेवा. आईच्या गठ्ठ्यात इंग्लंडची मासिकं बरीच होती. त्यांत सुयांचे जुने ब्रिटिश नंबर असतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. नंबर मोठा तशी सुई बारीक, हे नव्या मुलींना ठाऊक नसतं. क्रोशात तर फारच घोटाळा. ब्रिटिश अंकातलं ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका. अमेरिकन व्हिडिओतलं ‘डबल क्रोशे’ म्हणजे खांब, त्याहून उंच टाका. व्हिडिओवर शिकलेल्या एका मुलीचा रुमाल यामुळे भलताच मोठा झाला, तिने सगळा उसवला. मला आधी सांगायला हवं होतं.

शिवणाच्या अंकात घडी घातलेला पॅटर्नचा मोठा कागद आहे ना, तेवढं बघा. तो नसेल तर त्या अंकावरून कपडा बेतता येत नाही. गंजलेल्या पिना काढून दोऱ्याने टाके घाला.

‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झालं. त्याचे जुने अंक सापडले तर विणीचं पान फाडून घेऊ नका. बायकांच्या लिहिण्या-वाचण्याचा सगळा काळ त्यात आहे. अंकांचे महिने-वर्षं कागदावर उतरवा आणि ग्रंथालयात विचारा, त्यांच्या संचात यातला कुठला नाही. नुसती पिशवी नेऊन ठेवू नका.

आईने पेन्सिलीने केलेल्या खुणा मी खोडत नाही. कुठे टाके चुकीचे छापलेत, ते तिने समासात लिहून ठेवलंय. विणणारीला त्याचा फार उपयोग होतो.

सध्या पिशवीत क्रोशाच्या तोरणांचा अंक आहे. शनिवारी सकाळी तुळशीबागेत घेऊन जाणार आहे.