आधी बांबू, मग आराखडा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि लिहायला बसलो तर कार्यानुभवाच्या सरांशिवाय दुसरं काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांचं ऋण आहेच, पण ही जागा सरांची.

सरांच्या तासाला आधी चित्र काढायला मनाई होती. समोर मानवेल आणि कटांग या बांबूच्या दोन जातींचे तुकडे यायचे. मानवेल जवळजवळ भरीव, म्हणून पाय, दांडा, खुंटी त्याची. कटांग घेराला मोठा आणि पोकळ, त्याच्या रुंद पट्ट्या निघतात. फाडायचं ते नेहमी मधोमध, मग अर्ध्याचं अर्धं. एक बाजू पातळ होऊ लागली की चीर तिकडेच पळते. तेव्हा पातळ बाजू सरळ धरून जाड बाजू वाकवत ओढायची, चीर पुन्हा मध्यावर येते. कोणी नुसताच कोयता दाबू लागला की सर म्हणत, "काहून जबरदस्ती करून राहिला? तो कुठं चालला ते पाह्य न आधी!"

स्नेहसंमेलनाचा तो मोठा आकाशकंदील जुन्या मंडळींना आठवत असेल. सगळ्यांना तो गोल हवा होता. सरांनी पट्ट्या शेजारी शेजारी मांडून प्रत्येक गाठीवर खडूची खूण करायला लावली. गाठीपाशी धागे वळलेले असतात, तिथे पट्टी एकसारखी वाकत नाही, कोन पडतो नाहीतर तुटते. म्हणून बाक पेराच्या, म्हणजे दोन गाठींमधल्या भागाच्या, मध्यावर आणि गाठ सरळ बाजूवर, असं ठरलं. एका पेराएवढी एक बाजू, असा कंदील आपोआप अष्टकोनी झाला. बाजू सारख्या याव्यात म्हणून पट्ट्या बांबूच्या एकाच उंचीवरच्या घेतल्या, कारण बुडाशी पेरं आखूड असतात. वाकवताना साल बाहेरच्या अंगाला, ताण सोसणारे दाट धागे तिथेच असतात. जोडाला खिळा नाही. बांबूचे धागे सगळे उभे, खिळा ठोकला की सरळ चीर जाते. गिरमिटाने भोक पाडून बांबूचीच खुंटी, तीही गाठीच्या लगत, म्हणजे चीर गेलीच तर गाठीवर अडते. गोंद लावायचा तिथली साल खरवडायची, गुळगुळीत सालीवर तो धरत नाही.

आज माझ्या कारखान्यातले दिवे आणि खुर्च्या देशभर जातात. तिथेही नवा कारागीर आला की त्याच्या हाती पेन्सिल देत नाही, कोयता देतो. नागपूरच्या मे महिन्यात ओल्या पट्टीची टोपली ढिली पडते. सुकताना बांबू रुंदीला आटतो, लांबीला जवळपास नाहीच. म्हणून वीण सावलीत सुकवून, खाली ठोकून, मोकळ्या झालेल्या जागेत आणखी फेरे घालायचे आणि मगच काठ बांधायचा. सरांनी शिकवलेलं यात काडीचंही बदललेलं नाही.

बदलली ती शाळा. कार्यानुभवाच्या खोलीत आता संगणक आहेत. संगणकांना माझा विरोध नाही, पण कोयता हातात न घेता मुलं दहावी होतात याचं फार वाईट वाटतं. तेही अशा काळात, जेव्हा २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून निघाला आणि शेताच्या बांधावरचा माल आणणं सोपं झालं.

हिवाळ्यात तोडीचा माल येतो. कोंब वाढीच्या दिवसांतला नको, त्याला घुण लवकर लागते. त्यातला तीन वर्षं पुरा झालेला बांबू मी आठवीच्या मुलांसाठी वेगळा काढून, भिजवून पाठवीन. मुख्याध्यापकांनी एक खोली आणि आठवड्याचे दोन तास तेवढे द्यावेत.