दुसऱ्या बैलावरचा आळ

२००६ चा मे महिना, परभणीची दुपार. पत्र्याखालची खोली, घरघरणारा टेबल फॅन आणि हैदराबादहून जुन्या भावात आणलेला दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कंपाइल व्हायला टाकून चहाला उठलो, येऊन बघतो तर अक्षरं जिथल्या तिथे. नम लॉक दाबून पाहिलं. दिवा हलेना. म्हणजे गेला. कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनं स्वतःच हात टेकणं, असतं तर निदान कीबोर्डचे दिवे तरी लुकलुकले असते! कधी असा गोठायचा, कधी न सांगता स्वतःच रीबूट व्हायचा.

लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, चाळले. शेवटची ओळ ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची, नेहमीची. त्यापुढची थेट बूट झाल्याची. मधे एक अक्षर नाही. यंत्रानं मरावं, पण जरा कण्हून तरी मरावं की नाही?

आबा दारातून म्हणाले, "कामून तोंड पाडून बसलास रे?"

"दोन प्रोसेसर आहेत याला. काम करता करता मधेच बसतंय."

"दोनातलं कोणतं बसतंय?"

आबांनी जन्मभर लाल कंधारी बैलं हाकली. जोडी अडली की आधी बसणारा हुडकायचा, हा त्यांचा हिशोब. मला पटला. बूट करताना कर्नलला 'मॅक्ससीपीयूज' एक दिला, म्हणजे दुसरा बैल सोडलाच. तीन दिवस यंत्र ठणठणीत. सापडला चोर! मग खात्रीसाठी दोघांच्या जागा बदलल्या, त्यांची उष्णता वाहून नेणारी पेस्टही नवी लावली. एकेकटा कोणताही चालतो. दोघं जुंपले की दुपारी हमखास बसतात.

मग आळ कर्नलवर. लिनक्स १९९६ च्या २.० आवृत्तीपासून एकाहून जास्त प्रोसेसर हाकतंय, पण तेव्हा आत एकच मोठं कुलूप होतं: एक प्रोसेसर कर्नलमध्ये शिरला की दुसरा दाराशी ताटकळत. ते हळूहळू फोडत फोडत २०११ मध्ये पुरतं काढलं. आमच्या वेळी त्याचे अवशेष शिल्लक होते, त्यामुळे संशयाला जागा होती. कर्नल बदलला. फरक शून्य. मेमटेस्ट रात्रभर चालवली, रॅम निर्दोष. इतके आरोपी सोडल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यात आली, खरं तर ती आधीच यायला हवी होती. हा रात्री कधीच बसत नाही.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, उघडला. (वायर काढून बराच वेळ थांबूनच, आतला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर बंद असतानाही झटका देतो.) चार कपॅसिटरची टोपणं तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगलेली, बुडाशी तपकिरी डिंक. उन्हानं आतलं द्रव वाळत गेलेलं. एका प्रोसेसरचा भार ते कसाबसा पेलायचे, दोघांनी एकदम ओढलं की व्होल्टेज क्षणभर खचायचं. जास्त खचलं की मदरबोर्ड रीसेट, थोडक्यात निभावलं तर एखादा बिट चुकून सगळं गोठायचं. मरताना लिहायला वेळच मिळत नव्हता, म्हणून लॉग कोरा.

टीव्ही दुरुस्तीवाल्यानं नवे कपॅसिटर झाळून दिले. दोन्ही प्रोसेसर भर दुपारी कामाला लावले आणि आबांना सांगितलं, "बैलं दोन्ही चांगलीच होती. वैरण कमी पडत होती."

आबांनी तंबाखू चोळली. "मंग तीन दिवस त्या एकाला खुंट्याला कामून बांधलास?"