रूझवेल्टचं आजोळ

ताईकडे अल्फारेटाला तीन आठवडे होतो. अटलांटातलं अ‍ॅक्वेरियम झालं, मॉल झाले, इंडियन ग्रोसरीच्या तर इतक्या चकरा झाल्या की तिथला माणूस ओळख दाखवायला लागला. शेवटी एका शनिवारी भाऊजी म्हणाले, "तुला इतिहासाची खाज आहे ना, चल रॉसवेलला, पंधरा मिनिटांवर आहे." भाचापण आला, म्हणजे त्याच्या आईने पाठवला.

बघायचं होतं बुलॉक हॉल. थिओडोर रूझवेल्टच्या आईचं माहेर. रूझवेल्ट म्हणजे अमेरिकेचा टेडी बेअरवाला राष्ट्राध्यक्ष, व्हीलचेअरवाला तो दुसरा. पोचलो तर टूर दहा मिनिटांपूर्वीच सुटलेली, चूक आमचीच, ताईने थालीपीठं खाल्ल्याशिवाय निघू दिलं नाही. पुढच्या टूरला वेळ होता म्हणून आधी खाली ओढ्यावरची जुनी मिल बघून आलो.

हे गावच मुळात कापसावर उभं राहिलं. धरणाचं पाणी धबाधबा पडतंय, लाकडी छपराचा पूल आहे आणि झाडीत विटांच्या पडक्या भिंती. इथल्या गिरणीत कॉन्फेडरेट सैन्याच्या गणवेशाचं करडं कापड विणायचे. (कॉन्फेडरेट म्हणजे गुलामगिरी राखायला अमेरिकेतून फुटून निघालेली 11 दक्षिणी राज्यं.) जुलै 1864 मध्ये उत्तरेच्या घोडदळाने गिरण्या जाळल्या आणि कामगारांना, ज्यात बहुतेक बायका आणि पोरं, सुमारे 400 जणांना देशद्रोहाच्या आरोपाखाली धरून आगगाडीत घालून उत्तरेत पाठवलं, त्यातल्या कितीतरी परत आल्याच नाहीत. मालकांचे बंगले मात्र शाबूत राहिले. त्यातलाच एक बघायला आम्ही परत वर चढलो.

घर 1839 चं, पांढरंशुभ्र, समोर चार जाडजूड खांब, लांबून दगडी वाटतात पण जवळ जाऊन टिचकी मारली तर लाकूड. गाईड सत्तरीच्या एक बाई, एकदम प्रेमळ. त्यांनी आम्हाला डायनिंग रूममध्ये उभं केलं आणि म्हणाल्या, लग्न इथेच लागलं. 22 डिसेंबर 1853. नवरी मार्था, लाडाने मिटी, वय 18, आणि नवरामुलगा न्यूयॉर्कचा, रूझवेल्टांच्या पैसेवाल्या घरातला, त्याचंपण नाव थिओडोरच. खोली फार मोठी नाही, आपल्याकडे एवढ्यात वरपक्षाचे मानकरीसुद्धा मावले नसते.

मिटी न्यूयॉर्कला सासरी गेली, मागोमाग आई आणि बहीणपण तिच्याकडेच राहायला गेल्या. 1858 मध्ये आपला थिओडोर जन्मला आणि 1861 मध्ये उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं. आता घराची अवस्था बघा, नवरा लिंकनच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूचा, आणि त्याच छपराखाली बायको, सासू, मेहुणी तिघीही मनाने दक्षिणेच्या, गुपचूप तिकडे पार्सलं पाठवतायत. नवरा स्वतः लढायला गेला नाही, बायकोचे भाऊ समोर असताना जाणार कसा, पैसे देऊन बदली माणूस पाठवला, कायद्याने तशी सोय होती. त्याऐवजी त्याने सैनिकांचा पगार त्यांच्या घरी पोचावा यासाठी छावण्या पालथ्या घातल्या. आमच्या आजोळी एक मामा शाखेत आणि एक सेवादलात होते, पंगतीला शेजारी बसायचे आणि बोलायचे फक्त पावसाबद्दल, त्याची आठवण झाली.

लहानगा टेडी मात्र गप्प बसणारा नव्हता. आई ओरडली म्हणून एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत मुद्दाम तिच्यासमोर मोठ्याने उत्तरेच्या सैन्याला यश मागितलं. आईला हसू आलं. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

आणि मामा? हे मामा प्रकरण मला सगळ्यात आवडलं. थोरले जेम्स, मिटीचे सावत्र भाऊ, लिव्हरपूलला बसून दक्षिणेसाठी चोरून लढाऊ जहाजं बांधून घ्यायचे. त्यातलं 'अलाबामा' सगळ्यात बदनाम, उत्तरेची साठाहून जास्त जहाजं एकट्याने पकडली. धाकटे अर्व्हिन त्याच जहाजावर अधिकारी. जानेवारी 1864 मध्ये हे जहाज चक्क आपल्या मलबार किनाऱ्यापर्यंत आलं होतं आणि मुंबईहून निघालेलं 'एमा जेन' नावाचं अमेरिकन जहाज त्यांनी तिथे जाळलं. म्हणजे रूझवेल्टचे मामा केरळच्या समोर! आणि त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्या आपला कापूस घ्यायला लागल्या म्हणून मुंबईत पैशाचा नुसता पूर आला होता, प्रेमचंद रायचंदसारखे कापसाचे बडे व्यापारी, शेअरचा सट्टा, मग 1865 मध्ये सगळं धाडकन खाली. राजाबाई टॉवर त्याच कापसाच्या पैशातला. हे मी भाच्याला सांगितलं तर तो पहिल्यांदा कानातले इअरफोन काढून "व्हॉट?" म्हणाला.

युद्धानंतर दोन्ही मामा इंग्लंडमध्येच राहिले. जेम्समामांना लिंकन आणि उत्तरेचा सेनापती ग्रँट यांचं कौतुक चालायचं, पण इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्याबद्दल एक चांगला शब्द ऐकून घ्यायचे नाहीत. जानेवारी 1901 मध्ये ते गेले आणि सप्टेंबरमध्ये भाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

टूर संपली, गिफ्ट शॉपकडे बोट दाखवून झालं. मागच्या अंगणात एक लाकडी खोपट आहे, नंतर पुन्हा उभारलेलं, गुलामांच्या घराचं. 1850 च्या नोंदीत मिटीच्या आईच्या नावावर 31 माणसं आहेत. तिथे मी एकटाच गेलो, बाकीचे सावलीत बसले.

रूझवेल्ट या गावी पहिल्यांदा आला तो थेट 1905 मध्ये, राष्ट्राध्यक्ष म्हणून. आईकडून इतकं ऐकलेलं की कोपरा न् कोपरा ओळखीचा वाटला म्हणे. आईला लहानपणी सांभाळणारी ग्रेस, तिथलीच गुलाम, कधीच वारली असेल असं त्याने धरलं होतं. त्या दिवशी ती त्याला भेटायला आली, चांगली ठणठणीत.