साक्ष वाचून दाखवली, बरोबर आहे

पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा असो की एसटीत खिडकी पटकावलेला ओळखीचा, मी वकील आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न जमिनीचा असतो आणि दुसरा हा: "कोर्टात खरंच असे विनोद होतात का हो?" मग मोबाइल पुढे येतो. त्यात अमेरिकेतला तो वकील डॉक्टरला विचारत असतो, शवविच्छेदन सुरू करण्याआधी तुम्ही नाडी तपासली होती का? तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून आता बैजवार सांगतो.

होतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कोर्टात आठवड्याला एखादा तरी होतोच. पण तो तुमच्या मोबाइलवर येणार नाही, कारण तो आधी कागदावरच येत नाही. तिकडे प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं टिपलं जातं. आपल्याकडे साक्ष सहसा सलग निवेदनाच्या रूपात लिहितात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तसं होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. न्यायाधीशांना वाटलं तर ते प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घेऊ शकतात, पण एरवी साक्षीदार बोलतो, साहेब त्याचं शुद्ध मराठी करून सांगतात आणि टंकलेखक ते टंकतो. एकाला मी विचारलं होतं, "त्या दिवशी तुम्ही दारू पिऊन होता ना?" तो म्हणाला, "पाजली कुणी, तुम्ही?" सगळं कोर्ट हसलं. नोंद झाली: 'मी मद्यप्राशन केले होते हे म्हणणे खरे नाही.'

(गीतेवर हात ठेवून शपथ घेतात का, हेही विचारता. नाही. देवाच्या नावाने शपथ घ्यायची, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची. १९६९ चा कायदा आहे. गीता मी सिनेमातच पाहिली.)

आमच्याकडे हसू येतं ते बहुतेक भाषेतून. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, इथली कोर्टं उर्दूत चालायची. अजूनही काही म्हातारी माणसं साक्षीला नाही, 'गवाही'ला येतात. १९९८ मध्ये सरकारने खालच्या कोर्टांची भाषा मराठी केली. झालं, मराठी आली. पण कुणाची? दिवाणी दाव्यात माझ्या समोरच्या वकिलांनी एका शेतकऱ्याला विचारलं, "वादग्रस्त मिळकतीबद्दल काय सांगाल?" तो बिचारा पिंजऱ्याचा कठडा धरून म्हणाला, "मिळकत कसली साहेब, दोन वर्सं पाऊस न्हाई. उलट सोसायटीचं कर्ज झालं." साहेबांनी पेन खाली ठेवून सांगितलं, "शेत. तुमच्या शेताबद्दल विचारतायत." "मंग शेत म्हना की!"

आणि उलटतपासातलं आमचं लाडकं वाक्य, 'हे म्हणणं खरं नाही की...'. हे वाक्य कुणी शोधून काढलं कुणास ठाऊक, पण वकिली सुरू केल्यावर गावंढळातला गावंढळही महिनाभरात ते बोलायला लागतो. मी एका मावशींना विचारलं, "हे म्हणणं खरं नाही की तुम्ही त्या वेळी तिथं नव्हता?" मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "ह्यांनी आधी ठरवावं, खरं हाय का न्हाई. मंग म्या सांगते." मी ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. 'हो' म्हटलं असतं तर काय आणि 'नाही' म्हटलं असतं तर काय, मलाही सांगता आलं नसतं.

माझी खरी फजिती बांधावरच्या मारामारीच्या केसमध्ये झाली. मी आरोपीकडून. साक्षीदार सत्तरीचे आजोबा, धोतर, फेटा. मला दाखवायचं होतं की ते हितसंबंधी आहेत.

"आजोबा, फिर्यादी तुमचा नातेवाईक आहे?"

"हाव. चुलत पुतण्या."

इथं खाली बसायला हवं होतं. सीनियरांनी पहिल्या वर्षी एकच गोष्ट शिकवली होती: हवं ते उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न गिळायचा. मी नाही गिळला.

"म्हणूनच तुम्ही त्याच्या बाजूने बोलताय!"

"आरोपी सख्खा पुतण्या हाय साहेब."

कोर्ट हसलं. सरकारी वकील तर रुमालात तोंड घालून बसले. आणि हे उत्तर मात्र साहेबांनी सावकाश, शब्दन् शब्द लिहून घेतलं. विनोद नोंदीत येतो तो असा, आपल्या अंगावर आला की.

सावरायला मी वेळेच्या प्रश्नाकडे वळलो. किती वाजता भांडण झालं?

"दिवस कासराभर वर आलता."

साहेब कोकणातून बदलून आलेले. "कासराभर म्हणजे किती?"

आजोबांना हा प्रश्नच कळेना. कासरा माहीत नसलेला माणूस एवढ्या मोठ्या खुर्चीवर कसा बसला, असा चेहरा. त्यांनी दोन्ही हात फाकवून बैलाला बांधायच्या दोरीची लांबी दाखवली. सरकारी वकील म्हणाले साडेसात, मी म्हटलं नऊ, कारण मला नऊ सोयीचे होते. टंकलेखक आमच्याच भागातला, तो न विचारता पुटपुटला, "आठ-साडेआठ धरा." धरले. सरकारी वकील पुढे युक्तिवादात त्याच साडेआठवर दवाखान्याच्या वेळेचं गणित बांधणार होते आणि मी ते मोडणार होतो, पण आजोबांनी साडेआठ हा शब्द उच्चारलाही नव्हता.

साक्ष संपली की ती वाचून दाखवतात. साक्षीदाराने चूक दाखवली तर दुरुस्ती करता येते, नाहीतर त्याच्या हरकतीची नोंद घेता येते. टंकलेखकाने वाचायला घेतलं: "मी सकाळी साडेआठच्या सुमारास माझ्या शेतात हजर असताना सदर इसमांमध्ये शाब्दिक बाचाबाची होऊन..."

आजोबा मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"लई चांगलं बोलला कोन तरी," आजोबा म्हणाले. "अंगठा कुठं लावू?"