पोशाख उतरवण्याचे शिक्षण

साथ आली की सर्वांचे लक्ष औषधांकडे आणि लसींकडे वळते. मला मात्र प्रशिक्षणाच्या खोलीतली एक साधी कृती फार मोलाची वाटते, ती म्हणजे संरक्षक पोशाख उतरवणे. तो चढवणे लवकर जमते, पण घामाने भिजलेल्या, थकलेल्या माणसाने तो उतरवताना बाहेरची बाजू त्वचेला लागू न देणे सरावाशिवाय साधत नाही. म्हणून काही प्रशिक्षणांत पोशाखावर अतिनील प्रकाशात चमकणारी भुकटी लावतात. पोशाख उतरवून दिवे मालवले आणि अतिनील दिवा लावला की मनगटावर किंवा हनुवटीखाली उमटलेला ठिपका शिकणाऱ्याला त्याची चूक कोणत्याही व्याख्यानापेक्षा स्पष्ट दाखवतो.

२०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाने ११,००० हून अधिक बळी घेतले आणि त्यांत शेकडो आरोग्य कर्मचारी होते. माहितीचा प्रश्नही तितकाच बिकट होता. ‘या रोगावर इलाज नाही’ असे सुरुवातीला सांगितले गेल्याने अनेकांनी रुग्णाला घरीच ठेवले, आणि मला यात त्यांचा दोष दिसत नाही. इलाजच नसेल तर उपचारकेंद्रात न्यायचे कशासाठी? पुढे ‘लवकर आलात तर जगण्याची शक्यता वाढते’ असे सांगितले जाऊ लागले, दफनविधीत कुटुंबीयांना आणि धर्मगुरूंना सन्मानाने सामावून घेतले गेले, आणि जी पथके पूर्वी मृतदेह नुसते उचलून नेत असत, ती आधी दाराशी थांबून घरच्यांशी बोलायला शिकली.