मागची दोन चाकं की चारही? घोडं पेंड खात होतं रॅम्पवर

स्पोर्ट्स कार रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) घ्यावी की ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना), हे ठरवायला मला दोन दिवस पुरले असते. लागले साडेचार महिने. त्यातले साडेतीन महिने मी एकाच प्रश्नाचं उत्तर मागत फिरत होतो, आणि तो प्रश्न गाडीबद्दल नव्हताच. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर येणाऱ्या रॅम्पचं हीटिंग चालू असतं का? बस. हो किंवा नाही.

मी जर्मनीत बायर्नमध्ये राहतो, हवा स्वच्छ असली की खिडकीतून आल्प्स दिसतात इतक्या दक्षिणेला. बरीच वर्षं पैसे साठवून एक हौस करायची होती: बीएमडब्ल्यूची एम 240 आय, आधीच्या पिढीतली, वापरलेली. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, 340 हॉर्सपॉवर, 500 न्यूटन मीटर टॉर्क. बायको म्हणाली, "घे बाबा एकदाची, म्हणजे त्या जाहिराती बघणं तरी थांबेल."

पंचाईत ही की ही गाडी दोन्ही प्रकारांत निघायची. एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांची हवी असेल तर फक्त ऑटोमॅटिक. पायाखाली क्लच, म्हणजे मॅन्युअल गिअर हवा असेल तर मागची दोन चाकं. शून्य ते शंभर मॅन्युअलला 4.8 सेकंद, मागच्या चाकांच्याच ऑटोमॅटिकला 4.6 आणि एक्सड्राइव्हला 4.4. त्या 0.4 सेकंदाचं मला काही पडलेलं नव्हतं. मला क्लच हवा होता, हे आता लिहितो तितक्या स्पष्टपणे तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

सांगलीला बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, आपली अ‍ॅम्बॅसिडर मागच्याच चाकांवर आंबा घाट चढायची की. पाच माणसं आणि टपावर आंब्याच्या पेट्या!" म्हटलं बाबा, आंबा घाटात बर्फ पडत नाही. "पण शेवाळ असतं," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

बर्फाची धास्ती उगाच नव्हती. 2023 च्या डिसेंबरात 2 तारखेला म्युनिकचा विमानतळच बर्फामुळे बंद पडला होता. त्या सकाळी आमच्या रॅम्पवर शेजारच्या आजोबांची मागच्या चाकांवर चालणारी जुनी स्टेशनवॅगन मधोमध अडकली. मी घरातली दोन पायपुसणी आणून चाकांखाली सरकवली. त्यातलं एक चाकाने असं मागे भिरकावलं की गॅरेजच्या दारावर जाऊन आपटलं. दुसरं अजूनही त्यांच्याकडेच आहे.

मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे हिशोब मांडलाच. आमच्या रॅम्पचा चढ 15 टक्क्यांचा आहे. गाडीचं साधारण निम्मं वजन मागच्या चाकांवर असतं, चढावर ते अजून थोडं मागे सरकतं, म्हणजे 53 टक्के धरा. 0.15 भागिले 0.53, म्हणजे मागच्या दोन चाकांवर चढायचं तर टायर आणि जमीन यांच्यात 0.28 इतका घर्षण गुणांक, म्हणजे तेवढी पकड हवी. चारही चाकं ओढणार असतील तर पूर्ण वजन कामी येतं आणि 0.15 सुद्धा पुरतो. दाबल्या गेलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरला 0.2 ते 0.3 मिळतो, काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर 0.1 च्या आसपास. थोडक्यात, साध्या बर्फात मागची चाकं काठावर पास, चारही चाकं आरामात पास आणि काचेवर दोघंही नापास. पण रॅम्प गरम असेल तर बर्फच नाही आणि सगळा हिशोब कचऱ्यात! आमच्या रॅम्पच्या काँक्रीटखाली हीटिंगच्या केबल आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. भिंतीवर एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यावर एक छोटा दिवा. तो मी कधी लागलेला पाहिला नव्हता.

तर जूनच्या मध्यावर मी इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला ईमेल केला. नाव लिहीत नाही, पण जर्मनीत भाड्याने राहणाऱ्या कुणालाही ही जमात ओळखीची असेल. तीन ओळींचा ईमेल, सभ्य जर्मनमध्ये. ताबडतोब उत्तर आलं: आपला निरोप मिळाला, कामाच्या बोजामुळे वेळ लागू शकतो. तीन आठवडे काही नाही. पुन्हा ईमेल, पुन्हा तेच उत्तर, त्यात स्वल्पविरामाचाही फरक नाही.

फोनची वेळ मंगळवार आणि गुरुवार, सकाळी 9 ते 11. मी 9 वाजून 1 मिनिटाने लावायचो, लाइन व्यग्र. ऑफिसात मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये उभा राहायचो आणि तो टूँ-टूँ आवाज ऐकत बसायचो. चौथ्या गुरुवारी एक बाई बोलल्या. मी प्रश्न विचारला. त्यांनी माझा फ्लॅट नंबर विचारला, टाइप केल्याचा आवाज आला आणि मग म्हणाल्या, "तुम्ही भाडेकरू आहात. आम्ही फक्त मालकांशी बोलतो." मी म्हटलं, मला काही मागायचं नाही, फक्त ते चालू असतं का एवढंच सांगा. "ते मालकांनी विचारायला हवं." आणि आपला दिवस चांगला जावो.

आमच्या घरमालकीणबाई वयस्कर आहेत, दुसऱ्या गावी राहतात आणि ईमेल वापरत नाहीत. म्हणून कागदावर पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पेटीत टाकलं. बारा दिवसांनी त्यांच्या सुंदर तिरप्या अक्षरात उत्तर आलं: त्यांनी कंपनीला पत्र पाठवलंय, मुलाला परीक्षेला शुभेच्छा. ऑगस्टच्या अखेरीस त्यांना कंपनीचं उत्तर आलं, ते त्यांनी झेरॉक्स काढून मला पाठवलं. एकच वाक्य: रॅम्पचं हीटिंग गरजेनुसार चालवलं जातं.

गरजेनुसार! गरज कुणाची, ठरवतं कोण, किती अंशांवर? पुन्हा पत्र. पुन्हा बारा दिवस. या वेळी उत्तर असं, की हीटिंगचा खर्च सगळ्या मालकांत वाटला जात असल्यामुळे हा विषय मालकांच्या वार्षिक सभेत घ्यावा लागेल. सभा नोव्हेंबरात. आपल्या सोसायटीच्या एजीएमसारखीच ही सभा, फरक इतकाच की भाडेकरूला दारातही उभं करत नाहीत. आपल्याकडे निदान समोसा मिळतो.

या काळात दोन एक्सड्राइव्ह माझ्या डोळ्यांदेखत विकल्या गेल्या. एका विक्रेत्याने तर "तुम्ही गाडी घेताय की घर?" असं विचारलं. त्याचं चुकलं नव्हतं. चिडचिड मी सगळ्यांवर काढत होतो, ऑफिसातल्या सहकाऱ्यांवरही. तिथे दोन तट पडले होते. एक म्हणायचा खरी स्पोर्ट्स कार मागच्याच चाकांची, बाकी सगळं बायकामुलांसाठी (हा माणूस स्वतः इलेक्ट्रिक व्हॅन चालवतो). दुसरा 1980 ची आउडी क्वाट्रो काढून बसायचा, रॅलीचं सगळं चित्र तिने कसं पालटलं ते सांगायचा. दोघांनाही रॅम्प नाही.

उत्तर शेवटी मिळालं ते सप्टेंबरच्या एका बुधवारी, कचऱ्याच्या डब्यांपाशी. आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे वॉचमन, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि माळी एकाच माणसात, हिरवा डबा ओढत चालला होता. मी सहज विचारलं. तो डबा न थांबवताच म्हणाला, "ते? 2022 मध्ये वीज महागली तेव्हा मीच फ्यूज काढला. मला सांगितलं होतं तसं. परत लाव असं कुणी म्हटलेलं नाही." मग थांबला. "पण बर्फ पडला की सकाळी सहाला मी खडी टाकतो. सातच्या आधी निघू नकोस म्हणजे झालं."

साडेतीन महिने, सहा ईमेल, दोन पत्रं, चार गुरुवार. तो माणूस दर बुधवारी येतो. म्हणून इमारतीबद्दल काहीही विचारायचं असेल तर आधी कचऱ्याच्या डब्यांपाशी जा.

गंमत म्हणजे हीटिंग बंद आहे हे कळल्यावर, हिशोबाने मी एक्सड्राइव्ह घ्यायला हवी होती. मला मात्र हलकं वाटलं. बर्फात नक्की काय होणार ते कळलं होतं, आणि काय होणार ते कळलं की त्याची सोय करता येते. रात्री बर्फाचा अंदाज असला की गाडी वर रस्त्यावर लावायची. अगदीच वाईट दिवस असला तर ट्रेन आहे. आमच्याकडे असे दिवस वर्षाला दहा-बारा, आणि उरलेले साडेतीनशे दिवस मला क्लच हवा होता.

दोन्ही गाड्या चालवून बघितल्या होत्या, ते सांगायचं राहिलं. ऑगस्टच्या कोरड्या रस्त्यावर चालवून काही कळत नाही, दोन्ही सारख्याच चिकटून जातात. विक्रेता ऊन असताना बोलावेल, तुम्ही पाऊस असताना जा. ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तर मागच्या चाकांच्या गाडीत चाकं घसरल्याचा पिवळा दिवा फडफडतो आणि खुर्चीखालून गाडी किंचित आडवी सरकल्याचं जाणवतं. एक्सड्राइव्ह तिथेच रुळावरून गेल्यासारखी जाते. ती एरवी जास्त ताकद मागे पाठवते आणि गरज पडली की क्लचच्या चकत्या दाबून पुढच्या चाकांना वाटा देते. उत्तम काम आहे ते, मला फक्त त्यात करण्यासारखं काही उरलं नाही.

ब्रेकचं मात्र डोक्यात पक्कं ठेवा. सुरक्षित ड्रायव्हिंगच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथे ओल्या गुळगुळीत पट्ट्यावर आम्ही सगळ्यांनी एकाच वेगाने ब्रेक मारले. ऑल व्हीलवाले आमच्यापेक्षा लवकर थांबले नाहीत. का थांबतील, ब्रेक तर सगळ्यांनाच चार चाकांवर असतात. निघताना जी मदत होते ती थांबताना होत नाही, आणि निघताना झालेल्या मदतीमुळे माणूस वेग वाढवतो.

ऑक्टोबरच्या शेवटी निळी मॅन्युअल घेतली. विमा, नोंदणी, नंबरप्लेट एका सकाळी झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. टायरबद्दल आहे. विकणाऱ्याने "हिवाळी टायर सोबत" म्हणून जो सेट दिला त्यावर फक्त एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं होतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत बर्फाच्या रस्त्यावर ते चालत नाही, डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेलेच टायर लागतात, नाहीतर 60 युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट. तो सेट परत दिला आणि किंमत कमी करून घेतली. कायद्याने टायरची नक्षी 1.6 मिलिमीटर पुरते, पण बर्फात 4 च्या खाली जाऊ नका. एक्सड्राइव्ह घेणाऱ्यांनी खिशात मोजपट्टी ठेवूनच जावं. पुढच्या-मागच्या टायरांच्या झिजेत फार फरक असेल तर चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर सतत ताण येतो. ती पेटी स्वस्त नाही. दोनच नवे टायर घालून विकायला ठेवलेली एक गाडी मी त्याच कारणासाठी सोडली.

जानेवारीत एकदा अंदाज चुकला. रात्री गाडी खालीच होती, सकाळी पाऊण वीत बर्फ. सव्वासात वाजता निघालो, खडी पडलेली होती पण तिच्यावर नवा थर बसलेला. रॅम्पच्या दोन-तृतीयांशावर दिवा फडफडला, इलेक्ट्रॉनिक्सने ताकद कापली आणि गाडी अंगातली हवा गेल्यासारखी थांबली. मागे आरशात शेजारचे आजोबा हातात काहीतरी घेऊन उभे. हळूच खाली सपाटीवर आणली, डीटीसीचं बटण दाबलं. ते दाबलं की इलेक्ट्रॉनिक्स चाकांना थोडं घसरू देतं, बर्फातून निघताना तेच हवं असतं. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटरवर अंगठ्याएवढा भार, आणि मध्ये कुठेही पाय उचलायचा नाही. मागचा भाग एकदा डावीकडे गेला, परत आला, आणि पुढची चाकं रस्त्यावर टेकली. आजोबांच्या हातात आमचं पायपुसणं होतं.

फेब्रुवारीत मालकीणबाईंनी सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स पाठवली. विषय 9, रॅम्पचं हीटिंग: वेळेअभावी पुढील सभेत. समासात त्यांनी पेन्सिलने विचारलंय, गाडी कोणत्या रंगाची घेतली?